कर्सरखाली चौतीस अंश

१

अंबड रोडवरच्या आमच्या जिनिंगमध्ये माझा दिवस सकाळी नऊला एका निळ्या चित्रापासून सुरू व्हायचा.

तीन नंबरच्या गोदामात, दारावरच्या कोपऱ्यात, एक कॅमेरा बसवलेला आहे. तो उजेड बघत नाही, उष्णता बघतो. दर दहा मिनिटांनी एक फोटो काढतो आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाठवून देतो. रुईच्या गाठीचं एक वाईट असतं. सरकी वेगळी करणाऱ्या जिनमधली एखादी ठिणगी रुईबरोबर दाबली गेली, तर गाठ वरून थंडगार राहते आणि आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसते. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तो कॅमेरा, आणि त्याच्यासाठी मी.

मी साजिया. राहायला मस्तगडला. शाळा मराठी, घरात उर्दू आणि कॉलेजात शिकलेलं पायथन. फोटो उघडून दाखवणारी विंडो मीच लिहिली होती. आमचे मॅनेजर अण्णासाहेब पहिल्यांदा ती बघायला आले, तेव्हा त्यांनी चित्राकडं बघितलंच नाही. खालच्या कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे काय लिहून राह्यलं ते?"

"कर्सर चित्रात कुठं आहे ते सांगतं, साहेब. एक्स इतका, वाय इतका."

"मला एक्स-वाय घेऊन काय करायचं? थप्पी कोणती, गाठ कोणती अन् ताप किती, एवढंच बोल म्हणावं त्याला."

त्या विंडोला आपल्याला हवं तसं बोलायला लावता येतं. कर्सर हलला की ती एक ठरावीक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, बोलावते. त्या जागी आपलं फंक्शन ठेवायचं. मी ठेवलं. एक्स-वायवरून थप्पी आणि गाठ काढली (तळातल्या गाठीचा नंबर तोच तिच्यावरच्या थरांचा), फाइलीतला त्या ठिकाणचा आकडा उचलला, वाक्य जुळवलं. तरी माझ्या वाक्यापुढं चौकोनी कंसात तोच आकडा परत यायचा. तो बंद करायची जागा वेगळी निघाली, त्यात अर्धा दिवस गेला. संध्याकाळी विंडोच्या कोपऱ्यात अण्णासाहेबांना हवी तशी ओळ आली : थप्पी ४, गाठ ११, २१.८ अंश.

रंगाचंही त्यांनीच ठरवलं. "जे पेटणार न्हाई ते मला दाखवू नको." म्हणून पंचेचाळीस अंशांच्या खालचं सगळं मी एकाच गडद निळ्यात बुडवलं. गोदाम म्हणजे एक निळा पडदा आणि त्यावर मी आखलेल्या थप्प्यांच्या पांढऱ्या रेघा. माणूस आत असला तरी दिसायचा नाही, कारण माणसाचं अंग कॅमेऱ्याला फार तर चौतीस-पस्तीस दिसतं. कोण कुठं आहे ते कर्सर फिरवूनच कळायचं. अंधारात भिंत चाचपावी तसं.

नऊला, अकराला, जेवणाच्या सुट्टीत आणि चारला मी एकेका थप्पीवरून कर्सर फिरवायची. वीस, एकवीस, बावीस. जेवायला बसलेली माणसं सोडली, तर जानेवारीच्या थंडीत याहून वेगळं काही यायचं नाही.

२

त्या मंगळवारी चारच्या फोटोत थप्पी चारवरून जाताना आकडा उडाला.

थप्पी ४, गाठ ११, ३४.१ अंश.

कर्सर जरा डावीकडं नेला, एकवीस. परत आणला, चौतीस. गोदाम दीड वाजता कुलूप लावून बंद केलेलं होतं. किल्ली अण्णासाहेबांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला होती आणि मला ती माझ्या जागेवरून दिसत होती.

मी आधी स्वतःच्या फंक्शनवर संशय घेतला. नवीन लिहिणारा एक चूक हमखास करतो : आडव्या ओळी आणि उभे रकाने यांची अदलाबदल. तसं झालं तर आकडा भलत्याच जागेचा येतो. तसं झालं नव्हतं. अर्ध्या ठिपक्याची चूक असेल म्हणून तेही तपासलं. बरोबर होतं.

मग मी उठले आणि अण्णासाहेबांना सांगितलं. ते, मी आणि फिटर वसंता, आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन पळत गेलो.

आत कुणी नव्हतं. पत्र्याच्या छतावर हवा खेचणारे भोपळे किरकिर फिरत होते, त्यांच्या फटींतून उजेडाचे तुकडे खाली पडत होते. चार नंबरची थप्पी पाच गाठी उंच, अंगावर येईल अशी उभी. वसंतानं अकरा नंबरच्या गाठीवर पंजा ठेवला, मग गाल ठेवला.

"बिलकुल थंड हाय साहेब. बर्फ."

मीही हात लावला. खरंच थंड होती.

अण्णासाहेब रागावले नाहीत. परतताना म्हणाले, "साजिया, ही धावपळ एकदा बरी. दुसऱ्यांदा लोक हसतील, तिसऱ्यांदा कुणी उठायचं न्हाई. मंग खरंच लागली तर? बराबर खात्री करूनच बोल बेटा."

त्यांचं खरं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

३

दुसऱ्या दिवशी मी खात्री करायला बसले.

ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली. पलीकडं प्रेस. तो गाठ दाबतो तेव्हा जमीन धप्प करते आणि टेबलावरच्या पाण्यात गोल लहरी उठतात. पडद्यावर सारखी रुईची तुसं बसतात, ती ओढणीनं पुसावी लागतात. मी ती पुसली आणि कालच्या जेवणाच्या सुट्टीतला फोटो उघडला. निळा पडदा काढून टाकला, पंधरा ते चाळीस अंशांना वेगवेगळे रंग दिले.

थप्पी चारच्या पायथ्याशी नारिंगी डागांची रांग उमटली. कापसातली कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, वेचणाऱ्या अकरा बाया रोज तिथं जेवायला बसायच्या. बाहेर ट्रॅक्टरांची धूळ असते म्हणून अण्णासाहेबांनीच परवानगी दिली होती. मी डाग मोजले. पाच. मग एक मोकळी जागा. मग सहा. मोकळी जागा अकरा नंबरच्या गाठीसमोर होती आणि ती थंड, निळी होती. गाठींच्याच रंगाची.

मी कर्सर तिथं नेला.

३४.२ अंश.

चित्रात निळं आणि आकडा चौतीस. दोन्ही एकाच फाइलीतून येतात. मी फाइलीतला त्या ठिकाणचा आकडा वेगळा छापून बघितला : २१.६. मी माझं फंक्शन पूर्ण काढून टाकलं, विंडोला तिची मूळची एक्स-वायची भाषा परत दिली. कर्सर नेला. चौकोनी कंसात आलं, ३४.२.

म्हणजे ते चित्रात नव्हतं. फाइलीत नव्हतं. मी बोट दाखवलं की तेवढ्यापुरतं होतं.

मी आलेखाचा कागद घेतला. कुठं आकडा एकवीसवरून चौतीसवर उडतो ते ठिपक्याठिपक्यानं बघत, कागदावर खुणा करत गेले. दीड तास लागला. खुणा जोडल्यावर कागदावर एक बसलेलं माणूस तयार झालं. गुडघे वर घेतलेले, हात गुडघ्यांभोवती, डोकं जरासं उजवीकडं. शेजारीण बोलायला लागली की आपण कलवतो तेवढंच.

हा जेवणाच्या वेळचा फोटो होता. मग मी चारचा उघडला, कुलूपबंद गोदामाचा. ते तिथंच बसलेलं होतं. चार दहा, तिथंच. फक्त डोकं आता सरळ होतं. चार वीसच्या फोटोत डोक्याची कड शोधत कर्सर नेत होते तेवढ्यात पलीकडचा प्रेस थांबला. पाळी संपली होती. पाण्यावरची लहर विरली. इतकी शांतता झाली की माझ्याच माऊसची टिकटिक मला मोठी वाटली.

चार वीसला डोकं कॅमेऱ्याकडं वळलेलं होतं.

मी कॉम्प्युटर बंद केला नाही, पडद्याची वायरच उपसली.

घरी ताटावर बसले पण घास जाईना. अम्मीनं, अकबरबीनं, माझ्याकडं बघितलं. "क्या हुआ गे? खाती नै क्या?"

बाया जेवायला बसतात तिथं एक आकडा चुकीचा येतोय, एवढंच मी तिला सांगितलं. आकड्यांतलं तिला काही कळत नाही. तिनं माझ्या ताटात सालन वाढलं आणि म्हणाली, "समजमें नै आया तो पूछ लेना. वहां बैठनेवालोंकू पूछ."

४

म्हणून गुरुवारी मी डबा न उघडताच जेवणाच्या सुट्टीत गोदामात गेले.

बाया पाठीला गाठी टेकून बसल्या होत्या. फडकी सोडलेली, ठेच्याचा वास, एकीचं ऐकून दुसरी हसत होती. सगळ्यांत मोठ्या गिरिजाबाई. वीस हंगाम इथं काढलेल्या, त्यांनी हाक मारली की ट्रॅक्टरवालाही थांबतो. त्यांच्या डावीकडं एक हातभर जागा मोकळी, आणि जागेच्या पलीकडं दैवशाला. ती दिवाळीनंतर कामाला लागली होती. वीस-बावीस वर्षांची, कमी बोलणारी.

"या म्याडम," गिरिजाबाई म्हणाल्या. "आज गाठीचा ताप पाह्यला आल्या का आमचा?"

सगळ्या हसल्या. मी त्या मोकळ्या जागेत टेकणार तोच गिरिजाबाईंनी माझा हात धरला आणि मला आपल्या उजवीकडं ओढून घेतलं. ओढलं हलकेच, पण पकड घट्ट होती.

"तिथं नका बसू."

"का हो मावशी? कुणाची जागा आहे?"

"जागा हाय."

"पण कुणाची?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. मग म्हणाल्या, "मला काय म्हाईत? मी नवीन आल्ते तवाबी ठेवायच्या. मला म्हनल्या, एक जागा सोडून बस. मी बसले. आता मी सांगते."

"भीती नाही वाटत?"

"कशाची? बसलेल्याची कुठं भीती असती? उठून मागं लागलं तर भ्यावं."

मी दैवशालाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. मग इतक्या हळू बोलली की मला पुढं वाकावं लागलं.

"ताई, थंडीत हितंच बरं वाटतं. ह्या अंगाला गारठा लागत न्हाई."

तिनं उजवा दंड चोळून दाखवला. मोकळ्या जागेकडचा.

मी दोन दिवस एका आकड्याला घाबरत होते आणि ही पोरगी त्याच्या शेजारी बसून भाकरी खात होती.

५

त्यानंतर पंधरा दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. विंडो पुन्हा अण्णासाहेबांच्या पद्धतीची करून ठेवली. नऊला, अकराला, एकला, चारला थप्प्या फिरायच्या आणि शेवटी कर्सर अकरा नंबरच्या गाठीवर न्यायचा. चौतीस आलं की पुढच्या कामाला लागायचं. भीती गेली नव्हती, पण सवय झाली होती. गल्लीत एखाद्या बंद दाराआड कुणीतरी खोकतं, आपण ओळखत नाही, तरी रोज खोकला ऐकू आला की पुढं जातो, तसं काहीसं.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी एक दहाच्या फोटोत कर्सर तिथं नेला.

थप्पी ४, गाठ ११, २१.६ अंश.

पहिला विचार आला, सुटले. मी चक्क श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत दुसरा विचार आला. मग ते गेलं कुठं?

मी निळ्या पडद्यावर चाचपायला लागले. पायथ्याशी बाया बसलेल्या होत्या, चौतीस, तेहतीस, चौतीस. मोजल्या. दहाच भरल्या. अकरावी सापडेना. मी कर्सर थप्पीच्या बाजूनं वर नेला. गाठ बारा, एकवीस. गाठ तेरा, एकवीस. तेराच्याच तिसऱ्या थरावर, उभं माणूस हात वर करून टेकेल त्या उंचीवर, आकडा उडाला. चौतीस. लहानशी जागा, तळहाताएवढी. तिच्या शेजारी वीतभर अंतरावर दुसरी. तेवढीच.

दोन पंजे. गाठीला लावलेले.

तेरा नंबरच्या गाठीचा स्वतःचा ताप फक्त एकवीस होता. कॅमेऱ्याच्या, नियमाच्या, अण्णासाहेबांच्या हिशेबानं सगळं निळं होतं. सांगण्यासारखं माझ्याकडं काहीही नव्हतं. एकदा धावपळ करून झाली होती. दुसऱ्यांदा लोक हसणार होते.

मी खुर्ची मागं ढकलली आणि पळाले.

गोदामाच्या दारात थांबले. भोपळे किरकिरत होते, बाया गप्पा मारत होत्या, पाण्याची बाटली हातोहात फिरत होती. गिरिजाबाईंपाशी जाऊन मी खाली वाकले आणि त्यांच्या कानात बोलले.

"मावशी, ती जागा आज रिकामी आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. कसं कळलं असं विचारलं नाही. हातातला घास फडक्यावर ठेवला, लुगड्याला हात पुसला.

"उठा गं बायांनो. चला भाईर. डबे ऱ्हाऊ द्या. जल्दी."

एकाही बाईनं का असं विचारलं नाही. सगळ्या उठल्या आणि दाराकडं निघाल्या. त्या नुसत्या पावलांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"दैवशाला कुठं आहे?" मी विचारलं.

"सकाळधरनं ताप हाय तिला," गिरिजाबाई म्हणाल्या आणि मागं वळल्या. "म्हनलं पड जरा. तिकडं, थप्पीच्या आडाला."

ती तेरा नंबरच्या गाठीच्या पायथ्याशी, एका गोणपाटावर, दुसरं अंगावर ओढून झोपली होती, म्हणूनच आकड्यात आली नव्हती. तोंडावर पदर. आम्ही दोघी धावलो. मी तिचे खांदे धरले, गिरिजाबाईंनी पाय. तेवढ्यात वर कुठंतरी टण्ण झालं. गाठ आवळणारी तार तुटली होती. मग दुसरी. टण्ण.

मी वर बघितलं. थप्पी आमच्या अंगावर झुकली होती. एकेक गाठ पावणेदोन क्विंटलची, वरच्या तीन गाठी कडेच्या बाहेर आलेल्या. त्या पडायलाच हव्या होत्या. तोल केव्हाच गेला होता, हे मला इंजिनिअर नसतानाही कळत होतं. पण त्या तशाच राहिल्या. आतून रुईचा करपलेला, गोडसर वास आला.

"वढ!" गिरिजाबाई ओरडल्या.

आम्ही गोणपाटासकट तिला ओढत नेलं. दारापर्यंत वीस पावलं असतील. मी मोजली नाहीत. पण आम्ही तिघी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत मागं कसलाच आवाज झाला नाही. बाहेरच्या उन्हात आमचा पाय पडला आणि मग पाठीमागं थप्पी कोसळली. जमीन हलली. दारातून धुळीचा आणि धुराचा लोट आमच्या पाठीवर आला.

दैवशाला जागी झाली होती. तापानं लाल डोळ्यांनी आमच्याकडं बघत म्हणाली, "काय झालं?"

६

ज्वाळा झाल्या नाहीत. वसंता आणि प्रेसवरची माणसं पाण्याचे पाइप घेऊन आली, नगरपालिकेचा बंब आला, दिवस मावळायच्या आत सगळं विझलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

गाठी फोडून बघितल्या तेव्हा तेरा नंबरची, तळातली, आतून काळी कोळसा झालेली होती. वरून पांढरी. आतला भाग जळून पोकळ झाला, बसला आणि वरचा भार कलला. अण्णासाहेबांनी तो कोळसा हातात घेऊन चुरला.

"हे क्यामेऱ्यात आल्तं?"

"नाही साहेब. वरून गाठ एकवीसच होती."

"मंग तू गेली कशी?"

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. मी त्यांना ऑफिसात नेलं आणि सगळं सांगितलं. आलेखाचा कागद दाखवला. त्यांनी त्या बसलेल्या माणसाच्या कडेवरून बोट फिरवलं. मी वाट बघत होते, हसतील किंवा घरी जा म्हणतील.

"माझ्या आधीच्या मॅनेजरनं चार्ज देताना मला सांगितल्तं," ते म्हणाले. "थप्पी चारपाशी बाया एक जागा सोडून बसतात, त्यांना बोलू नका. मी म्हनलं, बायांचं काहीतरी असंल." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "आता बाया आत बसणार न्हाईत. ऑफिसच्या मागं ओटा हाय, त्यावर पत्रे टाकून देतो. सकाळचं ऊनबी येतं."

ते गेल्यावर मी एक वीसचा फोटो उघडला. त्या वेळी आम्ही दैवशालाला ओढत होतो. निळ्या पडद्यावर मी कर्सर नेला. तेरा नंबर, तिसरा थर. पंजे होते. तिथून खाली, मनगटं, कोपर, ताणलेले दंड. पाठ. पाय मागं रोवलेले, एक गुडघा वाकलेला. गाडी चिखलात रुतल्यावर माणूस खांदा लावतो तसं कुणीतरी त्या थप्पीला लागलेलं होतं. मी खांद्यापर्यंत आले. त्याच्या वर डोकं असणार होतं. माझा हात तिथं थांबला आणि पुढं गेला नाही.

७

मंगळवारी दैवशाला कामावर आली. ताप उतरला होता, चेहरा ओढलेला. जेवणाच्या आधी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, गिरिजामावशी म्हनल्या तुमच्याकडं फोटो हाय. मला पाह्यचाय."

मी तिला खुर्ची दिली. एक वीसचा फोटो उघडला. ती निळ्या पडद्याकडं बघत म्हणाली, "ह्यात तर काहीच न्हाई."

"असं दिसत नाही. हे धर. टेबलावर हळूच सरकव आणि खालच्या कोपऱ्यात बघ."

तिनं माऊस आयुष्यात पहिल्यांदा धरला होता. कवडी वेचून चिरा पडलेली बोटं, त्यांच्याखाली तो अंड्यासारखा वाटत होता. कोपऱ्यात ओळ बदलत गेली. एकवीस. एकवीस. बावीस. चौतीस.

ती थांबली. "हे काय?"

"पाठ."

ती कर्सर वर घेऊन गेली. मी ज्या खांद्यापाशी थांबले होते तिथं ती थांबली नाही. मी मान फिरवली. खिडकीबाहेर ओट्यावर नवे पत्रे चमकत होते, बाया फडकी सोडत होत्या. प्रेस धप्प करत होता. मागं दैवशालाचा श्वास ऐकू येत होता, शांत, एकसारखा.

"किती आलं?" मी तिकडं न बघता विचारलं.

"पस्तीस." मग जरा वेळानं, "आता पस्तीस पूर्णांक दोन."

"तुझा हात हलला असेल."

"न्हाई ताई. मी हात उचलून घेतलाय."

मी वळले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. माऊस टेबलावर एकटाच होता. चार दिवसांपूर्वीचा, साठवलेला फोटो. साठवलेल्या फोटोतला आकडा बदलत नसतो. मी बघत असताना कोपऱ्यातली ओळ ३५.२ वरून ३५.३ वर गेली. मग ३५.२. मग ३५.३. जवळ बसलेल्या माणसाचा श्वास यावा-जावा तशी.

मी विंडो बंद करायला हात पुढं केला. दैवशालानं माझं मनगट धरलं. तिचा तळहात गरम होता, पण तापाचा नव्हता.

बाहेरून गिरिजाबाईंची हाक आली. "दैवशालाऽ, भाकर थंड होऊन राह्यली!"

"आले!" ती म्हणाली. मग खुर्चीतच जरा पुढं वाकली. शेजारणीला सांगावं तशा साध्या आवाजात तिनं पडद्याला सांगितलं, "थप्पी काढली तिथली. आता आपण ओट्यावर बसतो. चला, जेवायला बसून राह्यल्यात सगळ्या."

माऊसला कुणाचाही हात लागला नव्हता. कोपऱ्यातली ओळ एकदा लुकलुकली.

थप्पी ४, गाठ १३, २१.४ अंश.

दैवशाला उठली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. मी विंडो बंद केली. मग खालच्या कप्प्यातून माझा डबा काढला आणि तिच्या मागोमाग ओट्यावर गेले.